आघाडीवरून आलेलं पत्र आणि राहून गेलेला ‘पार्ट टू’ : एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका घरातलं, १९९९ च्या जून-जुलैमधलं. नावं बदलली आहेत. गाव आणि पलटण मुद्दाम सांगितलेली नाही. नवरा-बायकोने पत्रं दाखवली आणि लिहायला होकार दिला. एक पत्र मात्र त्यांनी दाखवलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

मी फौजेत क्लार्क होतो. निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी माजी सैनिकांची आणि जवानांच्या घरच्यांची कागदपत्रं बघून देतो. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे, त्यामुळे कागदांचा भाग जरा जास्त आहे. कंटाळा करू नका. या प्रकरणात रडारड जेवढी झाली तेवढी कागदावरूनच झाली.

पार्श्वभूमी

संपत एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याचं लग्न झालं. मुलगी, कल्पना, शेजारच्या तालुक्यातली, दहावी पास. मार्चअखेर सुट्टी संपवून तो पलटणीत परतला. पलटण काश्मीरमध्येच होती. मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर बसल्याचं उघड झालं आणि ऑपरेशन विजय सुरू झालं, तेव्हा त्याची पलटण द्रासच्या बाजूला हलवली गेली.

घरात आबा, आई, थोरला भाऊ विलास, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. जमीन थोडी, विहीर सामायिक. संपतची मनीऑर्डर दर महिन्याला आबांच्या नावे यायची आणि घरातले मोठे खर्च तिच्यातूनच निघायचे. विलाससुद्धा एकदा भरतीला उभा राहिला होता, छातीच्या मापात बाद झाला. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आता कागद. जवानाचं लग्न झालं की त्याची नोंद पलटणीकडून ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. ती निघाली की त्याच्या सेवा-नोंदीत बायको येते. नाही निघाली, तर फौजेच्या लेखी तो अविवाहितच राहतो, गावात पाचशे पानं का उठेनात. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. संपतने सुट्टीत दाखला घेतला नाही. लग्न कल्पनाच्या माहेरी लागलेलं, म्हणजे दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीत. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणून तो गेला. असं म्हणून गेलेले जवान मी नोकरीत इतके पाहिलेत की त्यात त्याला वेगळा दोष देत नाही.

म्हणजे जूनमध्ये तो लढाईच्या तोंडावर होता तेव्हा त्याच्या कागदावर ‘नेक्स्ट ऑफ किन’ (सर्वांत जवळचा नातलग) म्हणून आबा होते, आणि विमा नि फंडाच्या नॉमिनेशनमध्ये एकटी आई. रंगरूट असताना भरलेला फॉर्म, तसाच.

पत्र कुणाचं

या घरात पत्र एकाच साच्यात यायचं. सुरुवातीला ‘तीर्थरूप आबा व आईस शिरसाष्टांग नमस्कार’, मग इकडची खुशाली, मग म्हैस, पाऊस, सोसायटीचा हप्ता, दादा-वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लग्नानंतर शेवटी एक ओळ वाढली : ‘कल्पनास सांगणे, तब्येतीची काळजी घेणे.’ पत्र विलास ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा. उत्तरही तोच लिहायचा. कल्पना आत, चुलीपाशी. तिला आलेली ती एक ओळसुद्धा तिला दिराच्या तोंडून ऐकायला मिळायची.

दहावी शिकलेली बाई स्वतः का लिहीत नव्हती, असं शहरातली मंडळी विचारतात. नवी सून, आंतरदेशीय आणायला कुणाला सांगणार, पत्ता कुणाकडे मागणार, आणि लिहिलेलं पेटीत टाकायला कुणाच्या हाती देणार? यातल्या प्रत्येक टप्प्यावर घरातलं एक माणूस उभं होतं. वाईट कुणीच नव्हतं. तिला दिवस गेले होते, हे मेअखेरीस घरात सगळ्यांना कळलं होतं. संपतला कळलेलं नव्हतं. विलास ते पत्रात लिहायला लाजला आणि आईला वाटलं, तीन महिने होऊ देत, मग कळवू.

पत्त्याबद्दलही थोडं. मोहिमेवरच्या जवानाचा पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ठिकाण नाही. हे पत्र आधी दिल्लीच्या तळ-टपालघरात जातं, तिथून पलटण जिथे असेल तिकडच्या फील्ड पोस्ट ऑफिसात. ही व्यवस्था आर्मी पोस्टल सर्व्हिसची. तिथली बरीच माणसं टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेली असतात. पलटण हलली की टपाल तिच्या मागून फिरत राहतं. त्या उन्हाळ्यात श्रीनगर-लेह रस्त्यावर तोफगोळे पडत होते. तरी टपाल पोचत होतं, पण किती दिवसांनी ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यामुळे प्रश्न आणि उत्तरं एकमेकांना वाटेत ओलांडून जायची. आज फोनवर बोलणाऱ्या पोरांना हे समजावणं अवघड जातं.

अडचण

संपतचं ९ जूनचं पत्र गावात आलं तेव्हा महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता. या वेळी पाकिटावर नाव होतं ‘सौ. कल्पना’. लग्नानंतर पहिल्यांदाच. पोस्टमनने ते नेहमीसारखं विलासच्या हातात दिलं आणि विलासने नेहमीसारखं फोडलं. आतला मजकूरही नेहमीच्याच साच्यात, आबा-आईच्या नमस्काराने सुरू होणारा. मधला भाग असा :

‘इकडे थंडी आहे. जेवण मिळते. काळजी नसावी. कल्पनास सांगणे की लग्नाचा दाखला व आपला दोघांचा एकत्र फोटो, दोन प्रती, ताबडतोब पाठवणे. क्लार्क साहेब मागत आहेत. नॉमिनी बदलायचा आहे. उशीर करू नये.’

पलटणीत काय घडलं होतं ते नंतर संपतने सांगितलं. वर चढायच्या आधी कंपनी क्लार्क सगळ्यांचे कागद तपासत होता. ज्यांची लग्नं नोंदलेली नव्हती त्यांना त्याने ओळीने उभं केलं, झाप झाप झापलं आणि ‘आत्ताच्या आत्ता घरी लिहा’ म्हणून सांगितलं. संपतने गुडघ्यावर कागद ठेवून क्लार्कचे शब्द जसेच्या तसे उतरवले. ‘ताबडतोब’ क्लार्कचं, ‘उशीर करू नये’ही क्लार्कचंच.

घरात हे कुणाला ठाऊक? १३ जूनला द्रासजवळचं तोलोलिंग शिखर घेतल्याची बातमी येऊन गेली होती. टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसत होत्या आणि पार्थिवं गावोगावी आणली जात होती. वारसांना मिळणाऱ्या रकमांचे आकडे पेपरात येत होते, आणि सुना-सासऱ्यांच्या भांडणांच्या गोष्टीही पारावर पिकत होत्या. अशा वेळी ‘नॉमिनी बदलायचा आहे’ हे वाक्य ओट्यावर मोठ्याने वाचलं गेलं.

आईने हंबरडा फोडला. पोराला कळून चुकलंय, असंच तिने धरलं. विलासला दुसरंच ऐकू आलं : लग्नाला चार महिने नाहीत आणि आईचं नाव काढून बायकोचं घालायचं. ‘हिनंच कळवलं असणार,’ तो म्हणाला. ज्या बाईला एक ओळ लिहायची सोय नव्हती तिने कसं कळवलं असेल, हे त्याला कुणी विचारलं नाही. कल्पना काही बोलली नाही. पाकिटावर तिचं नाव होतं, एवढं तिने पाहिलं होतं. पत्र तिच्या हातात आलं ते दुसऱ्या दिवशी, आबांनी दिलं म्हणून.

कोणते पर्याय होते

आबा चौथ्या दिवशी पत्र घेऊन माझ्याकडे आले. तोवर घरात तीन बाजू पडल्या होत्या.

विलासचं म्हणणं, काही पाठवायचं नाही, तो परत आल्यावर स्वतः करेल. आईचंही तेच, पण कारण वेगळं : अशा वेळी जोडीचा फोटो पाठवणं तिला अपशकुन वाटत होता. तिसरी बाजू कल्पनाच्या माहेरची. तिचा भाऊ येऊन गेला होता. दाखला त्यांच्याच ग्रामपंचायतीतून निघणार होता आणि लग्नाचे फोटोही त्यांच्याकडे होते. तो म्हणाला, मी गुपचूप पाठवून देतो, इकडे सांगायचंच नाही.

कागदाच्या दृष्टीने हा तिसरा मार्ग सर्वांत जलद होता, हे कबूल करायला हवं. पण तो मला पसंत नव्हता. कल्पनाला त्याच घरात राहायचं होतं. महिन्याभराने कळलंच असतं, आणि मग विलासचा संशय खरा ठरला असता. चौथा मार्ग म्हणून आबांनी तार करायचं सुचवलं. त्याचा काही उपयोग नव्हता. दाखला तारेने जात नाही. आणि जवानाच्या आईला तार हा शब्द त्या जूनमध्ये ऐकवायचाही नव्हता.

मी आबांपुढे कागदाची बाजू मांडली. फॅमिली पेन्शन नॉमिनेशनवर जात नाही, नियमाने ती आधी विधवेला जाते. विम्याचं आणि फंडाचं नॉमिनेशन वेगळं; ते जवान स्वतः भरतो, आणि त्यात आई-बायको दोघींची नावं वाटा लिहून घालता येतात. तो फॉर्म पलटणीत, त्याच्या सहीने. म्हणजे घरात ज्यावरून भांडण चाललं होतं ते घराच्या हातातच नव्हतं. घराच्या हातात होतं ते फक्त दाखला आणि फोटो. ते गेले नाहीत आणि काही बरंवाईट झालं, तर लग्न सिद्ध करण्यापासून सुरुवात. सगळंच अडकतं, आणि त्या चकरांत म्हातारा-म्हातारी दोघंही भरडली जातात.

आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे तो गेला तर काय, हेच ना?’

इथे काय उत्तर द्यायचं, हा माझ्या मते या प्रकरणातला खरा कळीचा क्षण. ‘छे छे, तसं काही नाही’ म्हणणं सोपं होतं. आपल्यातले बरेच जण तेच म्हणतात. मी म्हणालो, ‘हो, तेच. आणि तो परत आला तरी हेच लागतं.’ बायकोला मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायचं तर तिचं नाव नोंदीत हवं. कँटीन कार्ड, फॅमिली क्वार्टर, रेल्वे वॉरंट, सगळं त्याच एका नोंदीवर. बाळंतपण तोंडावर आलंय.

आबांना पहिलं वाक्य पटलं. घरी गेल्यावर त्यांनी आईला फक्त दुसरं सांगितलं. हा त्यांचा निर्णय, माझा नव्हे, आणि तो बरोबर होता.

काय केलं

आबा स्वतः सुनेला घेऊन तिच्या माहेरी गेले. सासरा बरोबर आहे म्हटल्यावर गुपचूपपणाचा प्रश्नच मिटला. ग्रामसेवक दोन खेपांनंतर भेटला, दाखला झाला. लग्नपत्रिकेची एक प्रतही सोबत घेतली.

फोटोचं मात्र अडलं. अल्बममध्ये जोडीने काढलेले फोटो भरपूर, पण एकात मुंडावळ्या चेहऱ्यावर, दुसऱ्यात मामा मध्ये आलेला, तिसऱ्यात अक्षता. दोघं समोर बघतायत असा एकच सापडला, त्यात संपतचे डोळे मिटलेले. तोच पाठवला. फोटोग्राफरने निगेटिव्हवरून दोन प्रती काढून दिल्या.

मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली, कागद रजिस्टर पोस्टाने आणि पलटणीच्या पत्त्यावर जावेत, सोबत संपतचा नंबर, हुद्दा, नाव लिहिलेला साधा अर्ज. झेरॉक्स रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला. जवान वर पोस्टवर असेल तर त्याच्या नावाचं पत्र त्याची वाट बघत पडून राहतं, ऑफिसच्या नावाचं क्लार्क लगेच उघडतो. दुसरी, या पाकिटात घरगुती एक अक्षर नको. कल्पनाने तिचं पत्र वेगळं लिहावं, वेगळ्या इनलँडवर, आणि ते तिने स्वतः चिकटवावं.

ते तिने माहेरीच लिहिलं. दाखवलं नाही ते हेच पत्र. त्यातली दोन वाक्यं तेवढी तिने मला खूप वर्षांनी सांगितली : ‘फोटोत तुमचे डोळे मिटलेत, दुसरा नव्हता. नीट फोटो काढायला यायचं आहे, आणि तोवर आपण तिघं होऊ.’

निष्पत्ती

कागद रवाना झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात संपतचं आणखी एक पत्र आलं, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं. म्हणजे आपल्या पहिल्या पत्राने घरी काय झालं हे कळायच्या आधीच त्याने ते लिहिलं होतं. पाकीट आबांच्या नावाचं, आत दोन कागद. एक नेहमीचा. दुसरा घडी घालून, वर ‘कल्पना’ एवढंच. त्यात लिहिलं होतं :

‘मागच्या पत्रात कागदाचे लिहिले ते वाचून घाबरली असशील. इथे सगळ्यांचेच मागितले आहेत, माझे एकट्याचे नाही. मला नीट लिहिता आले नाही, क्लार्क साहेब डोक्यावर उभे होते. आईचे नाव काढणार नाही, दोघींचे ठेवणार आहे. तू हे आईला सांग. मी सांगितले तर तिला वाटेल समजूत काढतोय.’

विलासने हा दुसरा कागद उघडला नाही. तसाच आत नेऊन दिला.

मला हे पत्र फार हुशारीचं वाटतं. आईला निरोप द्यायचं काम त्याने बायकोकडे दिलं. ज्या दोघींत वाकडं येणार होतं त्यांनाच समोरासमोर बसवलं. त्याला इतकं सुचलं असेल की सहज लिहून गेला, कोण जाणे. विचारलं तर हसतो.

कल्पनाचं पत्र त्याला जुलैच्या मध्यात मिळालं, तुकडी काही दिवस खाली आली होती तेव्हा. बाप होणार असल्याचं त्याला तिथे कळलं. २६ जुलैला मोहीम संपल्याचं जाहीर झालं. सरकारी आकड्यानुसार ५२७ जवान आणि अधिकारी तीत गेले. संपतच्या कंपनीतलेही काही होते. त्याबद्दल तो बोलत नाही.

लग्नाचा पार्ट टू ऑगस्टमध्ये निघाला. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो पलटणीने तात्पुरता चालवून घेतला, सुट्टीवर आल्यावर नवा काढून द्यावा लागला. नॉमिनेशन आई आणि बायको, अर्धं-अर्धं झालं. नोव्हेंबरमध्ये तो आला, डिसेंबरात मुलगी झाली. तिचा पार्ट टू मात्र वेळेत पडला. बापाने दवाखान्यातूनच दाखल्याची चौकशी सुरू केली होती.

विलासचं तेवढं सुटलं नाही. ‘बायकोचं नाव लावलं ते लावलं, पण मला विचारायचं तरी,’ हे त्याचं वाक्य कायम राहिलं. भरतीत बाद झालेला थोरला भाऊ घरी राहून शेती करतो, धाकट्याची पत्रं लिहितो-वाचतो, आणि एक दिवस पाकिटावर त्याच्या भावजयीचं नाव येतं. त्याच्याकडून ते पत्र वाचायचं काम काढून घेतलं गेलं, हे मला वाटतं त्याला पैशापेक्षा जास्त लागलं. पुढे काही वर्षांनी चुली वेगळ्या झाल्या. त्याला हेच एक कारण नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सुट्टीत दाखला काढला असता तर हे काहीच झालं नसतं, ते उघड आहे. पण त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही. नवऱ्यामुलाच्या सुट्टीतले दिवस देवदर्शनात आणि पाहुण्यांत जातात, जाणारच. पलटणीत परतल्या परतल्या क्लार्कने विचारायला हवं होतं. मार्चमध्ये त्याला वेळ होता, जूनमध्ये नव्हता.

दुसरं, पलटणीने हे पत्र जवानाकडून लिहून घेऊच नये. छापील चार ओळींचा कागद ऑफिसच्या शिक्क्याने घरी गेला असता, ‘खालील कागद सर्व विवाहित जवानांकडून मागवले आहेत’ असा, तर आईने हंबरडा फोडला नसता. ‘सर्व’ हा शब्द संपतच्या पहिल्या पत्रात नव्हता. दुसऱ्यात तो ‘सगळ्यांचेच’ म्हणून आला, आणि घर थंडावलं.

माझा एक जुना सहकारी याच्याही पुढे जातो. त्याच्या मते लढाईवरून घरी पैशाचं आणि वारसाचं लिहूच नये, जवानाचंही मन त्यात अडकतं. मला हे पटत नाही. संपतला वर चढताना बायकोचं नाव कागदावर नाही हे माहीत होतं. ते न लिहिता तो वर गेला असता तर त्याचं मन मोकळं राहिलं असतं, असं कोण म्हणेल? प्रश्न कुणाला आणि कसं लिहिलं याचा होता. पाकिटावर बायकोचं नाव, आत वडिलांना नमस्कार आणि मजकूर क्लार्कचा, असं ते एकच पत्र तिघांचं झालं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी आता दोनच गोष्टी विचारतो. सुनेकडे पलटणीचा पूर्ण पत्ता, नंबरासकट, तिच्या स्वतःच्या वहीत आहे का? आणि तिचा फोन तिच्याच हातात असतो का? कारण आता इनलँड नाही, पण फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला असतो, आणि जवान ‘सगळे बरे आहेत ना’ एवढंच विचारून ठेवून देतो.

आई २००७ मध्ये वारली. त्यानंतरच्या सुट्टीत संपत नॉमिनेशनचा कोरा फॉर्म घरी घेऊन आला. भरण्याआधी दोघंही माझ्याकडे आले होते; प्रश्न कल्पनाच विचारत होती.